झाडू आपला, तर दरही आपला

मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाली. चहा चालू असताना एका काकांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "बाबासाहेबांनी आपल्या हातातला झाडू काढून घेतला. तुम्ही बायांनी तो परत हातात घेतला, वर त्याचे कार्ड छापले. याला प्रगती म्हणायचे का?" काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर युनियनचे काम केले, तिन्ही लेकरांना शिकवून मार्गी लावले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दुखणे होते. म्हणून मी तिथे उलट बोलले नाही. उत्तर या पानावर देते, कारण हा प्रश्न मानाचा आहे तितकाच आरोग्याचाही आहे.

आधी आमच्याविषयी. विश्रांतवाडीच्या वस्तीतल्या आम्ही चौघी. चौघीही पूर्वी विमाननगर, खराडीच्या कंपन्यांमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली हाउसकीपिंगला जायचो. निळा ड्रेस, गळ्यात कार्ड, आणि पगार कधी सात तारखेला, कधी बावीसला. चार वर्षांपूर्वी बचत गटातून अठरा हजार रुपये उचलले आणि स्वतःचे काम सुरू केले. धानोरी, टिंगरेनगर, कळस, लोहगाव या बाजूला नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. नवा फ्लॅट ताब्यात घेतला की घर सिमेंट-रंगाच्या डागांनी भरलेले असते. भाडेकरू सोडून गेला की मोरी-संडास बघवत नाही. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच घर धुऊन हवे असते. काम भरपूर होते. आज आम्ही नऊ जणी आहोत.

वस्तीतल्या अनेक घरांतून आता विचारणा होते. "ताई, आम्हालाही असे काही सुरू करायचे आहे, भांडवल किती लागते?" भांडवलाचे उत्तर सोपे आहे, ते पुढे देते. पण या धंद्यातले सर्वांत मोठे भांडवल बादली, मॉप किंवा मशीन नाही. ते आपले अंग आहे. फुप्फुसे, गुडघे, कंबर, हाताची कातडी. ते भांडवल खर्ची पडते आणि त्याचा हिशोब कुणीच मांडत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे : सफाईचा धंदा जरूर करा, पण आपल्या शरीराची किंमत दरात धरूनच करा, आणि ज्या कामात जीव जातो त्याला पहिल्या दिवसापासून नाही म्हणा. हे जमत नसेल तर काका म्हणतात तेच खरे.

बाबासाहेबांनी काय नाकारले?

महारवतन आठवा. गावची रखवाली, सांगावे पोहोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, सरकारी माणूस आला की त्याची सरबराई. दिवस नाही, रात्र नाही. बदल्यात बलुते, आणि ते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे गावाच्या मर्जीवर. घरातला कर्ता आजारी पडला तर त्याच्या जागी बाप, बायको, पोर कुणीही राबायला जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. काम कोणते, तास किती, मोबदला किती, यातले काहीच ठरलेले नसणे ही वतनाची गुलामी होती. कायद्याने वतन संपायला १९५८ साल उजाडले.

म्हणजे बाबासाहेबांनी नाकारले ते जन्माने गळ्यात पडलेले, दर नसलेले, नाही म्हणता न येणारे काम. त्याच बाबासाहेबांनी मुंबईत महापालिकेच्या सफाई कामगारांची संघटना उभी केली. झाडू मारणाऱ्याला त्यांनी कमी लेखले नाही. त्याचे काम म्हणजे 'पवित्र सेवा' आहे म्हणून त्याने त्यातच समाधान मानावे, या उपदेशाला मात्र त्यांनी कडाडून विरोध केला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सुनीत नावाच्या झाडूवाल्याची गोष्ट आहे. तथागतांना येताना पाहून तो रस्त्याच्या कडेला संकोचून उभा राहिला, आणि तथागतांनी त्याला संघात घेतले. वस्तीत ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. सुनीताची लायकी झाडूने ठरली नाही, एवढे तरी त्यातून घ्यावे.

आता हीच तीन मापे आजच्या कामाला लावा. दर कोण ठरवतो? नाही म्हणता येते का? दुखणे आले तर खर्च कुणाचा? ठेकेदाराकडे आम्ही होतो तेव्हा तिन्हींची उत्तरे वतनासारखीच होती. दर त्याचा, कामाला नाही म्हटले तर उद्यापासून यायचे नाही, आणि दुखणे ज्याचे त्याने बघायचे. ड्रेस नवा होता, एवढाच फरक.

पुण्यातच एक वाट आहे

हे बदलता येते, याचा दाखला लांब शोधायला नको. पुण्यात कचरा वेचणाऱ्या आपल्या आया-मावश्यांनी १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही युनियन स्थापन केली. त्यातल्या बहुसंख्य बाया दलित. उकिरड्यावर वाकून कचरा वेचणाऱ्या, पोलिसांनी चोर म्हणून हटकलेल्या. युनियनने आधी ओळखपत्र मिळवले, मग वैद्यकीय विम्यासाठी महापालिकेशी भांडण केले. 'आम्ही शहराचा कचरा कमी करतो, महापालिकेचा खर्च वाचवतो, तर आमच्या दुखण्याचा वाटा महापालिकेने उचलावा' असा त्यांचा मुद्दा होता, आणि महापालिकेला तो मान्य करावा लागला.

पुढे याच युनियनमधून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिने २००८ साली पुणे महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा गोळा करायचा, घरटी ठरलेले सेवाशुल्क घ्यायचे, सुका कचरा विकून येणारे पैसेही आपलेच. आज तिचे तीन हजारांहून जास्त सभासद आहेत आणि मालकही तेच आहेत. मधे ठेकेदार नाही. त्यांच्यापुढे अडचणी नाहीत असे नाही. कराराची मुदत संपत आली की दर वेळी नव्याने झगडावे लागते. पण एक गोष्ट त्यांनी करून दाखवली. वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर उघड्या हाताने वेगळे करायला लागू नयेत म्हणून या बायांनी अनेक वर्षे आवाज उठवला. २०१६ च्या घनकचरा नियमांत असा कचरा नीट गुंडाळून वेगळा द्यायची जबाबदारी घरमालकावर आली. आरोग्याची मागणी एकटीने केली तर ती कुरकुर ठरते, संघटनेने केली तर नियम होतो.

मुंबईची गोष्टही लक्षात ठेवा. महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या वतीने वर्षानुवर्षे कोर्टकचेरी केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. काम तेच, झाडू तोच. पण कायम कामगाराला रजा, दवाखाना, निवृत्तिवेतन. कंत्राटी कामगाराला यातले काही नाही. दुखणे कुणाच्या खिशातून जाणार, एवढाच सारा तंटा आहे.

आम्ही नऊ जणींचा धंदा 'स्वच्छ'पुढे अगदी लहान. पण मापे तीच लावायची, हे आम्ही शिकलो. शिकलो ते सुद्धा ठेच लागल्यावर.

धानोरीची मोरी

दोन वर्षांपूर्वी धानोरीतल्या एका फ्लॅटमध्ये काम होते. आमच्यातली सर्वांत धाकटी मोरी-संडास घासत होती. घरच्या बाईंनी सकाळीच संडासात ॲसिड ओतून ठेवले होते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. आमच्या पोरीने वरून ब्लिचिंग पावडर टाकली. वास हॉलमध्ये येतो म्हणून घरच्यांनी दार लावून घ्यायला सांगितले, तिने लावले. पाच मिनिटांत खोकत, डोळे चोळत ती बाहेर आली. आम्ही गॅलरीत बसवले, पाणी दिले, तासाभराने बरे वाटले म्हणून घरी पाठवले. मध्यरात्री तिला श्वास पुरेना. दवाखान्यात दोन दिवस ठेवावे लागले, अकरा दिवस काम बंद. त्या कामाचे आम्हाला तीन हजार मिळाले होते. औषधपाण्याला त्याच्या तिप्पट गेले. आमच्या दरात दुखण्याचा एक रुपयाही धरलेला नव्हता. घरातून, उसनवारीने भरले.

नंतर डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की आपण काय करून बसलो होतो. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी आणि संडासाचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणजे उभ्या माणसापेक्षा उकिडवी बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकात तो जास्त जातो. आणि फुप्फुसाला सूज यायला काही तास लागू शकतात, म्हणून 'आता बरे वाटते' यावर विश्वास ठेवायचा नाही.

त्या दिवसापासून आमचे नियम ठरले. वस्तीत ज्या बहिणी हे काम करतात त्यांनी, आणि घरची मोरी धुणाऱ्या सगळ्यांनीच, हे पाठ करावे :

- ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र नाही. ब्लीच आणि अमोनिया असलेले काच पुसायचे औषधही एकत्र नाही. एक वापरले की भरपूर पाण्याने धुवायचे, मगच दुसरे, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी.
- मोरीत शिरण्याआधी घरच्यांना विचारायचे : "आज यात काय टाकलेय का?"
- दार उघडे, खिडकी उघडी, एक्झॉस्ट पंखा चालू. "वास येतो" म्हणणाऱ्याला सांगायचे, "थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा."
- दारावर विकायला येणारे, शीतपेयाच्या बाटलीत भरलेले सुटे ॲसिड घ्यायचे नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली आहेत. शिवाय त्या बाटलीवर काही लिहिलेले नसते, आणि घरातले लेकरू ते सरबत समजून तोंडाला लावते.
- आपली औषधे मूळ डब्यातच ठेवायची. पाण्यात औषध टाकायचे, औषधात पाणी ओतायचे नाही.

वायू लागलाच तर आधी मोकळ्या हवेत यायचे, कपडे सैल करायचे, डोळे-तोंड वाहत्या पाण्याने धुवायचे. छातीत आवळल्यासारखे वाटले, खोकला थांबला नाही, तर १०८ ला फोन करा. येरवड्याचे राजीव गांधी रुग्णालय किंवा ससून गाठा, आणि काय काय मिसळले ते डॉक्टरांना सांगा. ॲसिड अंगावर उडाले तर पंधरा-वीस मिनिटे नळाखाली धरा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. कुणी प्यायले असेल तर उलटी करवू नका, कारण वर येताना ते घसा दुसऱ्यांदा जाळते.

हळूहळू झिजणारे अंग

वायूचा धक्का एका दिवसात कळतो. बाकीची झीज वर्षांनी कळते, आणि तेव्हा आपण "वय झाले" म्हणतो.

सतत ओल्या, साबण-ॲसिडच्या हातांना खाज, भेगा, काळे चट्टे येतात. रबरी हातमोजे वापरा, आणि आत घाम साचू नये म्हणून खाली सुती मोजे. रात्री हातांना साधे खोबरेल तेल लावा. नव्या फ्लॅटमधली सिमेंटची, टाईल्स कापल्याची धूळ कोरडी झाडायची नाही. आधी पाणी शिंपडायचे, मग ओढायचे. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. पदर किंवा रुमाल तिला अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो. गुडघ्यावर बसून फरशी घासणाऱ्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर सूज येते. लांब दांड्याचा ब्रश घ्या, खाली बसावेच लागले तर गुडघ्याखाली जाड पट्टा घ्या. भरलेली बादली एका हाताने उचलू नका, अर्धी भरून दोन खेपा करा.

खिडक्यांच्या काचा आतून पुसायच्या. छज्जावर उतरून, ग्रिलला लटकून एकही काच पुसायची नाही. "एवढे तरी करा, वरचे शंभर देते" म्हणणारे भेटतात. शंभर रुपयांसाठी पाचव्या मजल्यावर उभे राहायचे नाही.

कचऱ्यात इंजेक्शनच्या सुया, ब्लेडची पाती सापडतात. म्हणून हाताने कचरा दाबायचा नाही, सुपलीने उचलायचा. हिपॅटायटिस बी ची लस सफाई काम करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी. तीन डोस असतात : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. धनुर्वाताचेही इंजेक्शन घेऊन ठेवा. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तरच उपयोगी पडतात, आणि जितक्या लवकर तितक्या चांगल्या.

आणि एक दुखणे असे आहे ज्याविषयी आपण बाया लाजेने बोलत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आम्ही लोकांचे संडास घासतो, आणि त्यातला एकही आम्हाला वापरू देत नाहीत. मग आम्ही पाणीच पीत नाही. लघवी दाबून धरतो. जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग, मूतखडा. आमच्यातल्या तिघींना हे दुखणे होते. मी काकांना विचारते, वतनाच्या काळात विहिरीवर जाऊ देत नव्हते, आज संडासात जाऊ देत नाहीत, यात फरक किती? महाड १९२७ साली झाले. पाण्याचा हक्क म्हणजे आरोग्याचा हक्क, हे बाबासाहेबांनी तिथे तळ्यात उतरून सांगितले.

आम्ही आता दरपत्रकावरच लिहिले आहे : कामाच्या वेळात पिण्याचे पाणी, संडासचा वापर आणि नेहमीची लिफ्ट मिळायला हवी. सुरुवातीला चार-पाच घरांनी काम दिले नाही. नंतर तीच दरपत्रके सोसायटीच्या ग्रुपवर फिरली आणि बहुतेक जण काही न बोलता मान्य करू लागले. मागितले नाही तर कुणी देत नाही, हे खरे.

सेप्टिक टँकला कायमचे नाही

सोसायटीचे सेक्रेटरी कधी विचारतात, "तुमच्याकडे माणसे आहेत ना? टाकी तेवढी साफ करून द्या, दहा हजार घ्या." दहा हजार म्हणजे आमचे तीन घरांचे काम. घरातला भाऊ, नवरा, दीर बेकार बसलेला असतो. मोह होतो. इथेच आपली माणसे गेली आहेत. २०२२ साली लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत आणि त्याच वर्षी वाघोलीत, टाकीत उतरलेल्यांचे जीव गेले. दोन्ही ठिकाणे आपल्यापासून काही तासांच्या नाही, काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत.

आत हायड्रोजन सल्फाइड वायू साचलेला असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो असे म्हणतात, पण वायू जास्त असेल तर नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते. "वास गेला, आता उतरायला हरकत नाही" असे ज्याला वाटते तो सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका टाकीत तीन-चार जण जातात ते यामुळे. रॉकेलचा कंदील सोडून बघणे, दारू पिऊन उतरणे, तोंडाला ओले फडके बांधणे, यातले काहीही वाचवत नाही. अनेक महिने बंद असलेली जमिनीखालची पाण्याची टाकीही अशीच फसवी असते, हेही ध्यानात ठेवा.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण आपल्याला तीस लाख नको आहेत, माणूस हवा आहे. आणि हे विसरू नका : धंदा तुमचा असेल आणि तुम्ही कुणाला उतरवले, तर कायद्यापुढे ठेकेदार तुम्हीच. आपल्याच वस्तीतल्या पोराच्या मरणाचे ठेकेदार. सेक्रेटरीला एकच उत्तर द्यायचे, "सक्शनची गाडी बोलवा."

दर कसा काढायचा

आता पैशाचे. दोन बेडरूमच्या घराचे पूर्ण धुण्याचे काम समजा तीन जणींनी एका दिवसात केले. आमचा हिशोब असा असतो :

तिघींची मजुरी, प्रत्येकी ७५० प्रमाणे, २,२५० रुपये. औषधे, साबण, फडकी २५०. रिक्षा-बस १५०. हातमोजे, मास्क यांची झीज १००. मशीन आणि शिडीसाठी बाजूला २००. दुखण्याचा निधी १७५. एकूण ३,१२५ होतात. आम्ही ३,५०० सांगतो. उरलेले ३७५ धंद्यात राहतात, बचत गटाचा हप्ता त्यातून जातो.

दुखण्याच्या निधीला आम्ही हात लावत नाही. शंभरातले पाच रुपये. महिन्यात पंधरा कामे झाली तर २,६२५ रुपये जमा होतात. कुणी आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाची निम्मी मजुरी त्यातून जाते. यामुळे ताप अंगावर काढून कामाला येणे थांबले. "तीन हजारात करणारे आहेत" असे गिऱ्हाईक म्हणते. असतात. ते हातमोजे आणि दुखणे हिशोबात धरत नाहीत, म्हणजे पाचशे रुपये कुणाच्या तरी अंगातून काढतात. आपण एकमेकींचे दर पाडू लागलो तर ठेकेदाराची गरजच उरत नाही, आपणच आपले ठेकेदार होतो. म्हणून वस्तीत असे दोन-तीन गट झाले तर त्यांनी महिन्यातून एकदा विहारात बसून किमान दर ठरवावा.

सुरुवातीच्या भांडवलात बादल्या, लांब दांड्याचे ब्रश, मॉप, मायक्रोफायबरची फडकी, पक्की शिडी, हातमोजे, चष्मे, मास्क, गमबूट एवढे येते. ओले-कोरडे ओढणारे व्हॅक्यूम मशीन आधी भाड्याने आणा, काम वाढले की घ्या. आधी संरक्षणाची साधने, मग मशीन, हा क्रम उलटा करू नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात चालू योजना विचारा. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन कळवावे लागते.

आणि विमा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. आमच्या गटात ज्या बाईचा हा विमा नाही, तिला शिडीवर चढू देत नाही.

काकांना उत्तर

काका, तुमचे दुखणे मला कळते. आमच्या नऊ जणींपैकी एकीलाही आपल्या लेकीने हे काम करावे असे वाटत नाही. आमची धाकटी, जी त्या मोरीत गुदमरली होती, रात्रीच्या शाळेतून बारावी झाली आणि आता गटाचा हिशोब लिहिते. शिकून बाहेर पडायचे आहेच. पण जोवर या कामात आपले हात आहेत, तोवर ते हात सुरक्षित राहिले पाहिजेत. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याला इजा न करता पोट भरणे. मी त्यात एक भर घालते : स्वतःलाही इजा न करता.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास द्या. आम्ही विहारात हातमोजे, मास्क, औषधांचे डबे घेऊन येतो आणि काय कशात मिसळायचे नाही ते सगळ्यांना दाखवतो. काका, पुढच्या ओळीत तुम्ही बसा. युनियन कशी बांधायची ते आम्हाला तुमच्याकडून शिकायचे आहे.

जय भीम.